सतरा तासांची मुदत

आपल्या मध्यमवर्गीय घरांत वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची एक ठरलेली रीत आहे. दिवाळी चार दिवसांवर येते. माळ्यावरचा आकाशकंदील उतरवायचा असतो, पितळी डबे खाली काढायचे असतात. घरातले साठी ओलांडलेले गृहस्थ बाह्या सरसावून शिडीला हात घालतात. तेवढ्यात सूनबाई स्वयंपाकघरातून लगबगीने येतात. "अहो बाबा, तुम्ही कशाला? तुम्ही बसा!" मुलगाही तेच म्हणतो. नातू तर शिडीच काढून घेतो. बाबा बसतात. त्यांच्यापुढे चहाचा कप येतो, सोबत नुकत्याच तळलेल्या चकलीचा तुकडाही येतो. कोणी त्यांचा अपमान केलेला नसतो. उलट सगळ्यांनी मिळून त्यांचा मानच राखलेला असतो. तरीही बाबांचा चेहरा उतरलेला दिसतो, आणि तो का उतरला हे घरात कोणालाच उमगत नाही.

कारण साधे आहे. मान आणि सवलत ह्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि आपण एकीच्या नावाखाली दुसरी देत असतो. सवलत वाईट असते असे मुळीच नाही. २०२२ सालापासून आपल्या एस. टी.तून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास करता येतो, आणि त्या सवलतीमुळे कितीतरी आजी-आजोबांना लेकीच्या गावी जाऊन येणे साधले आहे. परंतु घरात सवलत सुरू झाली की ती वाढतच जाते. आधी शिडी सुटते, मग बाजारहाट सुटतो, मग बँकेची कामे मुलाकडे जातात. एक दिवस असा येतो की त्या माणसाकडून कोणी कसलीच अपेक्षा करत नाही. ज्याच्याकडून काही अपेक्षा नाही, त्याच्यासाठी वेळापत्रकही उरत नाही. सकाळ झाली काय नि दुपार झाली काय!

ह्या सदराचे जुने वाचक जाणतात की खेळांवर इथे क्वचितच लिहिले जाते. पण ह्या दिवाळीला मी त्यांना एका अशा मैदानावर नेणार आहे, जिथे म्हाताऱ्या माणसाला 'बसा' म्हणणारे कोणी नसते. तिथे त्याला पदक वेगळे मिळते, पण वेळ मात्र पंचविशीतल्या पोराइतकाच मिळतो. ह्या मैदानावर सत्तरीची आणि ऐंशीची माणसे उतरतात, आणि बहुधा त्या वेळेसाठीच उतरतात, असे मला वाटते.

ह्या खेळाचे नाव ट्रायथलॉन. नाव परके आहे, पण वस्तू समजायला सोपी आहे. आधी पोहायचे, मग ओल्या अंगाने सायकलवर बसायचे, आणि सायकल ठेवली की धावत सुटायचे. मध्ये विश्रांती नाही. बूट चढवायला लागलेला वेळसुद्धा हिशेबात धरला जातो. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीला पहिल्यांदा आला. तिथे दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. परंतु सामान्य माणसांत ज्या शर्यतीचा बोलबाला आहे, ती 'आयर्नमॅन', म्हणजे लोहपुरुषाची शर्यत, ह्याहून कितीतरी लांब आहे. तिच्यात ३.८ किलोमीटर पोहायचे, म्हणजे आपल्या मरीन ड्राइव्हच्या लांबीहून किंचित जास्तच. मग १८० किलोमीटर सायकल, म्हणजे मुंबईहून निघून पुणे गाठायचे आणि तिथे न थांबता आणखी तीस किलोमीटर पुढे जायचे. आणि हे सगळे आटोपल्यावर ४२.२ किलोमीटरची पुरी मॅरेथॉन धावायची. हे सारे एकाच दिवसात.

ही कल्पना कोणाच्या डोक्यात आली असेल, असे तुम्ही विचाराल. तिचा उगमही आपल्या कट्ट्यावरच्या वादांसारखाच आहे. १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे इथे धावणाऱ्यांच्या एका क्लबाने पोहणे, सायकल आणि धावणे अशी एक लहानशी गंमतीची शर्यत भरवली. तिच्यात ४६ जण उतरले. त्यांत जॉन कॉलिन्स नावाचे नौदलातले एक अधिकारी आणि त्यांच्या पत्नी ज्यूडी हे जोडपे होते. पुढे त्यांची हवाई बेटांवर बदली झाली. तिथे मंडळींत वाद जुंपला, की खरा दमदार कोण? पोहणारा, सायकलवाला की धावणारा? कॉलिन्स ह्यांनी तोडगा काढला. बेटावर पोहण्याची, सायकलची आणि मॅरेथॉनची अशा तीन शर्यती होत असत. त्या तिन्ही एकाच दिवशी लागोपाठ करा, म्हणजे निकाल लागेल. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ माणसे पाण्यात उतरली आणि १२ जण शेवटपर्यंत पोहोचले. पहिल्याला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला, शेवटच्याला एकवीस तास. स्वतः कॉलिन्स १७ तास ३८ सेकंदांनी पोहोचले.

हा आकडा लक्षात ठेवा. कारण पुढे शर्यत मोठी झाली, माणसे वाढली, रस्ते किती वेळ अडवून ठेवायचे हा प्रश्न आला, आणि मुदत घालावी लागली. ती मुदत ठरली सतरा तास. म्हणजे ज्यांनी ही शर्यत काढली, ते कॉलिन्स त्या मुदतीत बसले नसते. अडतीस सेकंदांनी बाहेर राहिले असते!

१९८१ पासून ही शर्यत हवाईच्या मोठ्या बेटावर, कोना ह्या गावी होऊ लागली. काळ्या लाव्हाच्या पठारातून जाणारा रस्ता, सावलीचे नाव नाही, आणि असा वारा की सायकल आडवी ढकलावी. पूर्वी सकाळी सातला तोफ होई आणि सगळे हौशी स्पर्धक एकदम पाण्यात पडत. मध्यरात्री बाराच्या ठोक्याला शर्यत बंद. पोहणे दोन तास वीस मिनिटांत झाले नाही, तर सायकलला हात लावू देत नाहीत. सायकलचा टप्पा संपायचीही वेळ ठरलेली. ती चुकली तर पंच नम्रपणे येऊन सांगतात की, आता थांबा.

आता ह्यात वयाचा विचार कुठे येतो? तो येतो गटांत. हौशी स्पर्धकांचे पाच-पाच वर्षांचे गट पाडलेले असतात: साठ ते चौसष्ट, पासष्ट ते एकोणसत्तर, असे पुढे पुढे. बक्षीस ज्याच्या त्याच्या गटात. वय मोजण्याची रीतही मौजेची आहे. शर्यत कोणत्याही महिन्यात असो, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला तुम्ही जितक्या वर्षांचे असाल, तितके तुमचे वय. एरवी चारचौघांत दोन-चार वर्षे खाली सांगणारी माणसे इथे वय वाढण्याची वाट पाहतात. एकोणसत्तर वर्षांचा माणूस सत्तरीचा होऊन पुढच्या गटात गेला, की आधीच्या गटातला सर्वांत म्हातारा तो ह्या गटातला सर्वांत तरुण ठरतो. सत्तरी लागल्यावर 'आता मी तरुणांत आलो' असे म्हणण्याची सोय दुसऱ्या कोणत्या व्यवहारात आहे, मला ठाऊक नाही.

पण सवलत तेवढीच. मुदतीत काडीचा फरक नाही. पंचवीस वर्षांच्या गड्याला सतरा तास, पंच्याऐंशी वर्षांच्या आजोबांनाही सतरा तास.

ह्या मुदतीशी पुन्हा पुन्हा झुंजलेली एक बाई म्हणजे सिस्टर मॅडोना ब्यूडर. ह्यांचा जन्म १९३० चा, अमेरिकेतल्या सेंट लुइस गावचा. तेविसाव्या वर्षी त्यांनी मठात प्रवेश केला. धावणे म्हणजे काय हे त्यांनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत पाहिले नव्हते. एका धर्मगुरूंनी सांगितले की, धावण्याने शरीर, मन आणि आत्मा एका सुरात येतात. बाईंनी मिळतील ते जुने बूट पायांत घातले आणि धावू लागल्या. बावन्नाव्या वर्षी पहिली ट्रायथलॉन, पंचावन्नाव्या वर्षी पहिली आयर्नमॅन. लोक त्यांना 'लोखंडी नन' म्हणू लागले. त्या जसजशा पुढच्या वयात जात, तसतसे त्यांच्यासाठी बायकांचे नवे गट उघडावे लागत. कारण तोवर त्या वयाची बाई कोणी आलेलीच नव्हती. २००५ साली, पंच्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी कोनाची शर्यत पुरी केली. आपल्याकडे एस. टी. ज्या वयाला तिकीट माफ करते, त्या वयाला ह्या बाई १८० किलोमीटर सायकल मारून वर मॅरेथॉन धावत होत्या. पुढच्याच वर्षी त्यांनी ती पुन्हा पुरी केली, आणि वेळ होती १६ तास ५९ मिनिटे ३ सेकंद. मध्यरात्रीला सत्तावन्न सेकंद उरले होते.

सगळ्याच शर्यती त्यांना पुऱ्या करता आल्या असे नाही. कित्येकदा मुदत आडवी आली. पण ऑगस्ट २०१२ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, कॅनडातल्या आयर्नमॅनमध्ये त्या १६ तास ३२ मिनिटांत पोहोचल्या, आणि एवढ्या वयात आयर्नमॅन पुरी करणारी बाई तोवर जगात झालेली नव्हती.

दुसरे गृहस्थ जपानचे. नाव हिरोमु इनादा, जन्म १९३२ चा. हे एन. एच. के. ह्या जपानी नभोवाणी संस्थेत बातमीदार होते. पत्नीच्या आजारपणात तिची शुश्रूषा करता यावी म्हणून साठाव्या वर्षी ते नोकरीतून मोकळे झाले, आणि प्रकृती धड राहावी म्हणून पोहायला जाऊ लागले. तिथून हळूहळू धावणे, मग सायकल, आणि पहिली ट्रायथलॉन झाली ती सत्तराव्या वर्षी. आपल्याकडे सत्तरीला सहस्रचंद्रदर्शनाला किती वर्षे उरली ह्याचा हिशेब चालतो. ह्यांनी सायकलच्या चाकांचा हिशेब सुरू केला.

२०१५ साली इनादा कोनाला होते. दिवसभराचा प्रवास करून ते शेवटच्या फर्लांगात आले. दिव्यांचा झगमगाट, दोरीपलीकडे हजारो माणसे, सगळी त्यांच्या नावाने ओरडत आहेत. समाप्तीची कमान समोर दिसते आहे. पाय साथ देईनात. ते पडले, उठले, पुन्हा पडले. शेवटी कमान ओलांडली तेव्हा घड्याळ पाच सेकंदांनी पुढे गेले होते. सतरा तास आणि पाच सेकंद! त्यांचे नाव शर्यत पुरी करणाऱ्यांच्या यादीत आले नाही.

हे वाचून तुमच्या घरातली माउली हळहळून म्हणेल, "काय बाई मेली माणसं! पाच सेकंदांनी काय झालं असतं? बिचाऱ्या म्हाताऱ्याला द्यायचं की पदक!" मलाही प्रथम तसेच वाटले. बघणाऱ्यांपैकी कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आले असेल. पण जरा थांबून विचार करू या. समजा, ती पाच सेकंदे त्यांना माफ केली असती. मग त्या पदकाचा अर्थ काय झाला असता? 'शर्यत पुरी केली' असा झाला नसता. 'आजोबा, तुम्ही फार केलेत, आता बसा' असा झाला असता. ते पदक त्यांनी भिंतीवर लावले असते की पेटीत ठेवून दिले असते, कोण जाणे. त्यांना पदक नाकारले म्हणजे त्यांना इतर सगळ्यांच्या बरोबरीचे धरले. इनादांनी ह्याचा अर्थ बरोबर घेतला. २०१६ साली, त्र्याऐंशीव्या वर्षी, ते परत आले आणि मुदतीच्या दहा मिनिटे आधी पोहोचले. २०१८ साली, पंच्याऐंशीव्या वर्षी, पुन्हा आले आणि १६ तास ५३ मिनिटे ४९ सेकंदांत पोहोचून त्या जागतिक स्पर्धेतले सर्वांत वयस्क स्पर्धक म्हणून नोंदले गेले. २०१५ साली पाच सेकंदांची मेहेरबानी झाली असती, तर २०१६ सालची ती खरी दहा मिनिटे त्यांच्या वाट्याला आली असती की नाही, ह्याची मला शंका आहे.

अगदी अलीकडची गोष्ट म्हणजे ऑक्टोबर २०२५ ची. न्यू जर्सीच्या नॅटली ग्रॅबो ह्या ऐंशी वर्षांच्या बाईंनी कोनाची शर्यत पावणेसतरा तासांत पुरी केली. ही जागतिक स्पर्धा इतक्या वयाच्या बाईने त्याआधी पुरी केली नव्हती. ह्या बाई पोहायला शिकल्या त्या एकोणसाठाव्या वर्षी. म्हणजे ज्या वयात आपल्याकडे बायका 'मला मेलीला पाण्याची भीतीच वाटते' असे म्हणून समुद्रकाठी चपला सांभाळत बसतात, त्या वयात त्यांनी तलावाच्या उथळ टोकाला दांडी धरून पाय मारायला सुरुवात केली.

तुम्ही म्हणाल, ही माणसे देवाने वेगळ्या मातीची घडवली असतील. थोडे तसे असेलही. पण वैद्यकशास्त्र काय सांगते तेही ऐकून घ्या. तिशी उलटली की शरीराची प्राणवायू वापरण्याची शक्ती दर दहा वर्षांनी सुमारे एक दशांशाने घटत जाते. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके कमी होतात. स्नायू झडतात, आणि त्यातही झटक्याच्या कामाचे स्नायू आधी झडतात. हे कोणालाच चुकत नाही. इनादांनाही चुकले नाही. पण ह्या घसरणीतला पुष्कळसा भाग वयाचा नसून बसून राहण्याचा असतो. जो नेमाने व्यायाम करतो त्याची घसरण सावकाश होते. १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात दहा जणांवर प्रयोग झाला. त्यांचे सरासरी वय नव्वद. आठ आठवडे त्यांच्याकडून पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. जे शेवटपर्यंत टिकले त्यांच्या पायांतली ताकद सरासरीने १७४ टक्के वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. नव्वदाव्या वर्षी! स्नायूंना शिकवणारा कोणी भेटला, तर ते शेवटपर्यंत शिकायला तयार असतात.

मात्र म्हाताऱ्या शरीराला काही हिशेब वेगळे ठेवावे लागतात. तरुणाला आज दामटून पळाले तर उद्या पुन्हा पळता येते. साठीच्या माणसाला मध्ये दोन-तीन दिवस हलक्या व्यायामाचे ठेवावे लागतात. झोप पुरी हवी. जेवणात डाळ, उसळ, दूध, अंडे ह्यांचे प्रमाण वाढवायला हवे, कारण वय झाल्यावर स्नायू बांधायला प्रथिने जास्त लागतात. तहानेची जाणीव वयाबरोबर मंद होते. म्हणून पाणी मोजून प्यायचे. आणि घाबरून नुसते पाणीच ढोसायचे असेही नाही, नाहीतर रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस भोवळ येऊन पडतो.

आणि आता जी गोष्ट सांगतो ती कृपा करून हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेत १९८५ पासून २०१६ पर्यंत झालेल्या ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एकंदर घटना १३५. त्यांतल्या ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या. एकूण स्पर्धकांच्या मानाने हे प्रमाण अल्प आहे, लाखात दोनांहूनही कमी. पण साठी ओलांडलेल्या पुरुषांत तेच प्रमाण लाखात साडेअठरांच्या वर गेलेले आढळले. ज्या ६१ जणांची शवचिकित्सा झाली, त्यांतल्या २७ जणांच्या हृदयात वा रक्तवाहिन्यांत लक्षणीय दोष निघाला, आणि ह्यांतले सगळेच काही त्याची कल्पना असून पाण्यात उतरले नसणार. तेव्हा वडीलधाऱ्यांनी बूट विकत घेण्याच्या आधी डॉक्टर गाठावा, चालत्या पट्ट्यावरची हृदयाची तपासणी करून घ्यावी, आणि छातीत, खांद्यात, जबड्यात काही वावगे वाटले तर तिथल्या तिथे थांबावे. तलावात पोहता येते म्हणून समुद्रातही येईल असे समजू नये. तलावाला कड असते, तळाशी रेघ असते. समुद्रात ह्यातले काही नसते. लाट तोंडावर येते, शेजारच्याची लाथ बसते, आणि सराईत माणसाचाही श्वास अडकतो. ज्याला ह्या शर्यतीची खरी ओढ आहे, तो ह्या गोष्टी टाळणार नाही. शर्यतीच्या मुदतीला मानणारा माणूस शरीराने घातलेली मुदतही मानतो.

हे सगळे दूर हवाईत चालले आहे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणू नये. २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्याला पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमॅन भारतात पहिल्यांदाच झाली: १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे, मुदत साडेआठ तास. मधली दोन वर्षे करोनाच्या साथीत गेली आणि २०२२ पासून ती पुन्हा सुरू झाली. आपल्या दादरच्या शिवाजी पार्कात वाढलेल्या मिलिंद सोमण ह्यांनी २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, स्वित्झर्लंडमध्ये पुऱ्या अंतराची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत केली, तेव्हा वर्तमानपत्रांतून ह्या खेळाचे नाव घरोघरी पोहोचले. ते लहानपणापासूनचे राष्ट्रीय दर्जाचे जलतरणपटू, हे खरे. पण साठाव्या वर्षी पाण्यात उतरलेल्या इनादांची गोष्ट मी आधीच सांगितली आहे.

आणि दम, चिकाटी ह्या गोष्टी आपल्या म्हाताऱ्यांत नाहीत असे म्हणण्याचे धाडस तर कोणी करूच नये. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून पालखी निघते. पंढरपूर तिथून सुमारे अडीचशे किलोमीटर. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या सत्तरीच्या आजीबाई पावसात, चिखलात, दिवे घाटाच्या चढणीवर चालतच असतात. त्यांना कोणी 'आजी, तुम्ही बसा' म्हणत नाही. म्हटले तर त्या हसतील. आणि तिथेही मुदत आहेच की! आषाढी एकादशी कोणासाठी एक दिवस पुढे ढकलली जात नाही. मला वाटते, वारीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर जे तेज असते त्याचे एक कारण भक्ती असेल, तर दुसरे कारण हे असेल की त्यांना अमुक दिवशी अमुक ठिकाणी पोहोचायचे असते. शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्या आई-वडिलांना आपण सगळे दिले आहे: मऊ खुर्ची दिली, दूरदर्शन दिले, हातात फोन दिला. कुठे पोहोचायचे ते मात्र दिले नाही.

काही मंडळींचा आक्षेप मला आधीच ऐकू येतो आहे. ही श्रीमंतांची थेरे आहेत. त्या सायकली लाखा-लाखाच्या, प्रवेशाची फी ऐकून छाती दडपते, आणि परगावी जाऊन राहायचे ते वेगळेच. आक्षेपात तथ्य आहे. पण सगळ्यांनी लोहपुरुषच व्हावे असे कुठे आहे? ह्याच खेळाची धाकटी पाती आहे, तिला स्प्रिंट म्हणतात: पाऊण किलोमीटर पोहणे, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर धावणे. गिअरच्या साध्या सायकलवर ती होते. पुण्याच्या टिळक तलावावर किंवा दादरच्या महात्मा गांधी तलावावर वर्षभर हात-पाय मारले, सकाळच्या फिरण्यातच थोडे पळणे मिसळले, तर पुष्कळांना ती जमावी. पोहणे नकोच असेल तर धावणे आणि सायकल एवढ्याचीच शर्यत असते, तिला ड्युएथलॉन म्हणतात. तेही नको असेल तर दहा किलोमीटर चालण्याची शर्यत धरा. अंतर कितीही असो. मुदत ठरलेली हवी, आणि ती सगळ्यांना सारखी हवी.

दुसरा आक्षेप घरच्यांचा असतो, आणि तो पैशाहून नाजूक आहे. "बाबांना काही झालं तर?" हा प्रश्न प्रेमातून येतो. त्याला उडवून लावता येणार नाही. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: बाबांना काहीच झाले नाही तर? म्हणजे पुढची वीस वर्षे ते तसेच खुर्चीत बसून राहिले, गुडघे आखडले, जिना चढवेना, न्हाणीघरात तोल गेला, तर? जोखीम दोन्हीकडे आहे. एका बाजूची दिसते, दुसऱ्या बाजूची दिसत नाही, एवढाच फरक. डॉक्टरांनी तपासून होकार दिला असेल आणि शिकवणारा जाणता असेल, तर मग घरच्यांनी काळजी करावी, पण शिडी काढून घेऊ नये.

तेव्हा ह्या दिवाळीत कुणाच्या घरी साठीपुढचे वडील, आई, सासरे, सासूबाई पोहण्याच्या तलावाचा अर्ज घेऊन आल्या, तर 'ह्या वयात?' असे विचारू नका. 'शर्यत किती तारखेला आहे?' असे विचारून पाहा. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठसठशीत लिहा, म्हणजे दूधवाल्याच्या हिशेबाबरोबर घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे राहील. तपासणीला बरोबर जा. आणि त्या दिवशी सगळ्यांनी सुट्टी काढून दोरीपलीकडे उभे राहा. मुदत संपेपर्यंत थांबावे लागेल बहुधा. तेव्हा उरलेला चिवडा आणि थर्मासभर चहा बरोबर असू द्या.